केकमध्ये काय आहे, ते आधी सांगा

पहिली गोष्ट: त्या रात्री मी प्यायलो नव्हतो. गेल्या नाताळपासून आमच्या आळीत जे बोललं जातंय, त्याला हे उत्तर समजा. ज्यांना माझं उत्तर नको असेल त्यांनीही पुढचं वाचावं. घरात कुणी दारू सोडत असेल तर उपयोगी पडेल.

वसईतला नाताळ वसईकरांना सांगायला नको. गोठे, कंदील, करंज्या आणि घरोघरी बाटली. आगमनकाळात लग्नं नसतात, म्हणून २६ तारखेपासून लग्नांचा धडाका सुरू होतो. म्हणजे नुकतीच दारू सोडलेल्या माणसाची परीक्षा एका रात्रीत संपत नाही. मीही त्यातलाच; दारू सुटावी म्हणून डायसल्फिराम घेत होतो. ही गोळी चालू असताना अल्कोहोल पोटात गेलं, तर शरीर ते अर्धवटच पचवतं आणि अ‍ॅसिटाल्डिहाइड रक्तात साचतं. चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, ओकाऱ्या होतात, रक्तदाब खाली येतो. प्रसंगी जिवावरही बेततं. हे आमच्या साडूंना माहीत होतं. बायकोने गोळी सुरू झाली तेव्हाच सगळ्या बहिणींना सांगून ठेवलं होतं.

नाताळाआधी मी पापनिवेदनाला गेलो. वाटलं, फादर निर्धारावर प्रवचन देतील. त्यांनी प्रायश्चित्त दिलं ते वेगळंच: २४ तारखेची एएची (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची) मीटिंग चुकवायची नाही. त्याप्रमाणे संध्याकाळी मीटिंगला गेलो, तिथून साडूंकडे. रात्रीच्या मिस्सेला सगळ्यांनी तिथूनच जायचं ठरलं होतं.

ताटलीत केक आला. मी विचारलं, “यात रम आहे का?”

साडू म्हणाले, “छे रे, पोरं खातायत की!”

मी दोन तुकडे खाल्ले. लवंग, दालचिनी, सुंठ आणि साखरेपुढे दुसरी चव कळत नव्हती. थोड्या वेळात कान तापले, मानेत ठोके पडू लागले. बेसिनच्या आरशात पाहिलं तर चेहरा, गळा, छाती सगळं लाल. ओकारी थांबेना. बाहेरून कुणीतरी म्हणालं, “बघ, मीटिंगच्या नावाखाली कुठेतरी बसला असणार.” साडू हातात ग्लास घेऊनच आत आले, वाकून माझ्या तोंडाचा वास घेतला आणि बाहेर जाऊन जाहीर केलं, “येतोय.” वास येणारच होता, त्यांच्याच केकचा. त्या घरात न प्यायलेला पुरुष मी एकटा, आणि दारुडा ठरलो मीच.

मेव्हणी स्वयंपाकघरात माझ्या बायकोला हळूच म्हणाली, “फळं ऑक्टोबरपासून रममध्येच आहेत गं. भाजल्यावर वरूनही शिंपडली. हे म्हणाले, त्याला सांगू नकोस, काही होतं का बघू.” बायकोने ते मला रिक्षात सांगितलं. छातीतल्या धडधडीपेक्षा ते ऐकून जास्त गरगरलं. हा विसरभोळेपणा नव्हता, माझ्यावर प्रयोग चालला होता.

इस्पितळातही तेच. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी लाल चेहरा आणि वास पाहून कागदावर दारूची नशा असं लिहायला घेतलं. बायकोने पर्समधून गोळ्यांची पट्टी काढून टेबलावर आपटली, तेव्हा कुठे ईसीजी आणि सलाइन सुरू झालं. रात्रीची मिस्सा चुकली. चर्चमध्ये आमची जागा रिकामी पाहून लोकांनी काय ते ओळखलं म्हणे.

सकाळी घरी सोडलं. माझा स्पॉन्सर, म्हणजे एएमधला मला सांभाळणारा जुना सदस्य, दारात उभा. “दहाच्या मिस्सेला चल,” म्हणाला. मला तोंड दाखवायचं नव्हतं. तो म्हणाला, “तू कुणाला तोंड दाखवायला चाललायस?” गेलो. शेवटचा बाक. शांतीची देवाणघेवाण करायची वेळ आली आणि पुढच्या बाकावरून साडू वळले. क्षमा केली का? नाही, अजूनही नाही. पण हात जोडले, आणि जोडताना ते थरथरले नाहीत. पूर्वी एवढा अपमान झाला असता तर मी मिस्सा सोडून गुत्ता गाठला असता. माझ्या जोरावर मी तिथे बसलो नव्हतो, हे त्या क्षणी पक्कं कळलं. माझी आशा म्हणाल तर एवढीच, आणि ती मला पुरली.

साडू प्रार्थनासभेत पुढे बसणारे. नंतर कुणाला तरी म्हणाले, “विश्वास असता तर गोळ्या लागल्या असत्या का?” मधुमेहाची गोळी ते स्वतः रोज घेतात. असो.

आता जे शिकलो ते.

पाकिटात चिठ्ठी ठेवा: औषधाचं नाव, डॉक्टरांचा नंबर. पट्टी घरच्यांकडेही असू द्या.

डायसल्फिराम बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत त्रास होऊ शकतो. खोकल्याचं औषध, माउथवॉश, टॉनिक यांची लेबलं वाचा. भाजल्यावर केकमधली दारू पूर्ण उडून जाते, हा गैरसमज आहे. वरून शिंपडलेली तर तशीच राहते.

बायकांनो, ही गोळी नवऱ्याच्या आमटीत गुपचूप घालू नका. त्याला माहीत नसेल तर तो पिईल आणि जिवाला मुकू शकेल.

रोज भरपूर पिणाऱ्याने नाताळच्या नवसापायी एकदम दारू तोडू नये. दोन-चार दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. आधी डॉक्टर, मग नवस.

मिस्सेतल्या द्राक्षारसाची काळजी नको: ख्रिस्तशरीर नुसत्या भाकरीच्या रूपात घेतलं तरी ते पूर्णच असतं. द्राक्षारस मिळत असेल तिथे तो न घेण्यात पाप नाही. कितीतरी प्रोटेस्टंट मंडळ्या तर साधा द्राक्षांचा रसच वापरतात.

प्रार्थना आणि उपचार यांत भांडण लावणाऱ्यापासून लांब राहा. १९३५ साली अमेरिकेत एए सुरू केली ती एक शेअर दलाल आणि एक सर्जन यांनी, दोघेही पिणारे. एएच्या सुधारणेच्या पायऱ्यांमागे ख्रिस्ती चळवळीचे संस्कार होते, तरी दार सर्वांना उघडं ठेवलं. आपल्याकडे फादर जो परेरांनी १९८१ मध्ये वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये व्यसनमुक्तीसाठी कृपा फाउंडेशन सुरू केलं. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. तिथे जा.

भुकेल्या पोटी, रागात, एकटं किंवा दमलेलं असताना पार्टीला जाऊ नका. परतायची सोय आपल्या हातात ठेवा. देवावर भरवसा ठेवा, धीर सोडू नका, हे सगळे सांगतात, मीही सांगतो.

आणि पाहुणा विचारत असेल, “यात काय आहे?” तर खरं सांगा. त्याच्या विश्वासाची परीक्षा घ्यायला देव समर्थ आहे, साडूंची गरज नाही.

या वर्षी २४ तारखेचं जेवण आमच्याकडे आहे. साडूंनाही बोलावलंय. यावं त्यांनी, पण हात हलवत.