सोल, फंक आणि डिस्को : गीतातील शब्द आणि प्रतिसादाचे स्थान

१

साहित्याच्या अभ्यासकाने गीताकडे पाहण्याची एक रूढ रीत आहे. तो गीताची संहिता कागदावर मांडतो, तिच्यातील प्रतिमा, कल्पना आणि रचनाबंध यांचा शोध घेतो व त्यावरून गीताचे मूल्य ठरवितो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजातून उदयाला आलेल्या सोल, फंक आणि डिस्को या तीन संगीतप्रकारांच्या बाबतीत ही रीत हमखास फसते. तौलनिक साहित्याच्या वर्गात प्रस्तुत लेखकाने एकदा अशा पाचसहा गीतांच्या संहिता विद्यार्थ्यांपुढे ठेविल्या. त्यांचा अभिप्राय एकमुखी होता : शब्द थोडे, आशय सामान्य, पुनरुक्ती अतोनात. नंतर तीच गीते ध्वनिमुद्रिकेवरून ऐकविली, तेव्हा वर्ग स्तब्ध झाला. जे कागदावर नव्हते ते नेमके कोठे होते, हा प्रश्न त्या दिवसापासून मनात राहिला. प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा एक प्रयत्न आहे.

या लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे सांगता येईल. या गीतांचा अर्थ एकट्या शब्दात नसतो. गायकाचे आवाहन आणि त्याला मिळणारा प्रतिसाद या दोहोंच्या मध्ये तो सिद्ध होतो. सोल, फंक आणि डिस्को यांच्यातील फरक केवळ ताल वा वाद्ये यांचा नाही. प्रतिसाद कोण देतो, याचाही तो फरक आहे. सोलमध्ये समूहगायक प्रतिसाद देतात, फंकमध्ये वाद्यवृंद आणि डिस्कोमध्ये नाचणाऱ्यांचा समुदाय.

२

आवाहन आणि प्रतिसाद यांची ही पद्धती आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या श्रमगीतांत आणि भक्तिगीतांत होती. विसाव्या शतकात तिला गॉस्पेल या संगीताचे रूप लाभले. या संगीताच्या उभारणीत टॉमस डॉर्सी यांचा वाटा मोठा आहे. डॉर्सी आरंभी 'जॉर्जिया टॉम' या नावाने ब्लूज वाजवीत, म्हणजे पापपुण्याची फारशी चाड न बाळगणारी लौकिक गाणी वाजवीत. १९३२ साली पत्नी आणि नवजात मूल यांच्या मृत्यूनंतर त्यांनी रचलेले प्रार्थनागीत पुढे सर्वतोमुखी झाले. त्याच सुमारास शिकागोच्या पिलग्रिम बॅप्टिस्ट चर्चमध्ये त्यांनी समूहगायनाची धुरा स्वीकारली. लौकिक ब्लूजची वळणे अशा रीतीने देवळात शिरली. धर्मसंगीत आणि लौकिक संगीत यांच्यातील सीमारेषा सोल संगीताने प्रथम ओलांडली असे जे सर्रास म्हटले जाते, त्याला हा इतिहास छेद देतो. ती रेषा वीस वर्षे आधी उलट दिशेने ओलांडली गेली होती.

रे चार्ल्स यांनी १९५४ मध्ये 'आय गॉट अ वुमन' हे गीत ध्वनिमुद्रित केले. त्याची चाल एका तत्कालीन गॉस्पेल गीतावरून घेतलेली होती. देवाच्या जागी प्रेयसी आली, एवढाच वरकरणी बदल होता. परंतु अनेक श्रद्धाळूंना तो पाखंडासारखा वाटला. सॅम कुक हे 'सोल स्टिरर्स' या विख्यात गॉस्पेल संचाचे प्रमुख गायक होते. १९५६ मध्ये त्यांनी आपले पहिले लौकिक गीत स्वतःचे नाव किंचित बदलून प्रसिद्ध केले, यावरून त्या पावलाची जोखीम ध्यानात येते. पुढच्याच वर्षी त्यांनी स्वनामाने गाइलेले 'यू सेंड मी' कमालीचे लोकप्रिय झाले आणि ही वाट राजमार्ग बनली.

सोलची दोन प्रमुख केंद्रे होती. डेट्रॉइट येथे बेरी गॉर्डी यांनी १९५९ मध्ये कुटुंबाच्या निधीतून ८०० डॉलर कर्जाऊ घेऊन एक कंपनी काढली. तीच पुढे मोटाउन या नावाने ओळखली गेली. गॉर्डी यांनी पूर्वी मोटारींच्या कारखान्यात जुळणीचे काम केले होते. गीतकार, वादक, गायक आणि शिष्टाचार शिकविणारे शिक्षक अशा क्रमाने गीत आणि कलावंत दोघांनाही घडविण्याची त्यांची पद्धत त्या कारखान्याशी नाते सांगणारी होती. मेम्फिसमधील स्टॅक्स कंपनीचे वळण निराळे होते. एका जुन्या चित्रपटगृहात थाटलेल्या तिच्या ध्वनिमुद्रणगृहात कृष्णवर्णीय आणि गोरे वादक एकत्र बसत. तेथील गाणी अधिक खडबडीत, अधिक ग्रामीण आणि चर्चच्या अधिक निकट राहिली.

प्रतिसादाने अर्थ कसा बदलतो याचे उत्तम उदाहरण 'रिस्पेक्ट' हे गीत होय. ओटिस रेडिंग यांनी ते १९६५ मध्ये स्टॅक्ससाठी लिहिले आणि गाइले. त्यात दमून घरी आलेला पुरुष पत्नीकडे मान मागतो. १९६७ मध्ये अरीथा फ्रँकलिन यांनी तेच गीत गाइले. डेट्रॉइटमधील नामांकित धर्मोपदेशकाची ही कन्या बालपणापासून चर्चमध्ये गात आलेली. तिने शब्दांत काही भर घातली हे खरे. पण निर्णायक बदल वेगळाच होता. तिच्या प्रत्येक ओळीला पाठीमागून प्रतिसाद देणाऱ्या गायिकांत तिच्या दोन बहिणी होत्या. एकाकी पुरुषाची तक्रार येथे स्त्रियांच्या समूहाची मागणी झाली. नागरी हक्कांच्या चळवळीने आणि स्त्रीमुक्तीच्या चळवळीने हे गीत आपले मानले, ते या समूहस्वरामुळे. संहिता वाचून हा फरक जेमतेम अर्धा कळेल.

३

'फंक' हा शब्द मुळात घामाचा, अंगाचा उग्र वास सुचविणारा. सभ्य समाजाने नाक मुरडलेल्या या शब्दाला जाझवादकांनी १९५० च्या दशकात गौरवार्थ दिला. सोलमधून फंक हा प्रकार वेगळा काढण्याचे श्रेय प्रामुख्याने जेम्स ब्राउन यांच्याकडे जाते. १९६५ च्या 'पापाज गॉट अ ब्रँड न्यू बॅग' मध्ये ही दिशा दिसू लागली आणि १९६७ च्या 'कोल्ड स्वेट' मध्ये ती निश्चित झाली.

या बदलाचे स्वरूप भारतीय वाचकाला समेच्या कल्पनेवरून समजावून घेता येईल. चार मात्रांच्या आवर्तनात तत्पूर्वीचे बहुतेक लोकप्रिय कृष्णवर्णीय संगीत दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर आघात देत असे. ब्राउन यांनी पहिल्या मात्रेवर जोर दिला. वृंदातील प्रत्येक वादकाने त्या मात्रेवर एकत्र यावे आणि मधल्या अवकाशात आपापला छोटा तुकडा अचूक वाजवावा, असा त्यांचा दंडक होता. मात्र आपल्या समेशी हे साम्य मर्यादित आहे. आपल्याकडे सम ही दीर्घ प्रवासानंतरची विसाव्याची जागा असते. येथे ती क्षणाक्षणाला परत येते आणि विसावा देत नाही. स्वरसंवादांची हालचाल जवळपास थांबते, गिटार आणि तुताऱ्या तालवाद्यांसारख्या वाजू लागतात, आणि शब्दही त्याच न्यायाने तुटक होतो. आरोळी, हुंकार, एखादा वाक्यखंड एवढेच उरते. 'कोल्ड स्वेट' मध्ये ब्राउन सॅक्सोफोनवादक मासिओ पार्कर यांना नावाने पुकारतात, पुढे ड्रमवादकासाठी जागा मोकळी करून देतात. आवाहनाला उत्तर देणारा आता वाद्यवृंद आहे.

शब्द तुटक झाला म्हणून तो दुबळा झाला असे समजण्याचे कारण नाही. ४ एप्रिल १९६८ रोजी मेम्फिस येथे मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. त्यानंतर चार महिन्यांनी ब्राउन यांनी कृष्णवर्णाचा अभिमान मोठ्याने सांगा असे आवाहन करणारे गीत ध्वनिमुद्रित केले. त्यात गायक निम्मे वाक्य उच्चारतो आणि ते पुरे करतो लहान मुलांचा समूह. घोषणेचा दुसरा अर्धा भाग मुलांच्या तोंडी देण्यात त्या गीताचे सारे राजकारण आहे.

फंकचा विस्तार पुढे दोन दिशांनी झाला. स्लाय स्टोन यांच्या संचात स्त्रीपुरुष आणि काळेगोरे एकत्र होते. त्यातील लॅरी ग्रॅहम यांनी बेस गिटारच्या तारांवर अंगठ्याने आघात करण्याची रीत रूढ केली. आईबरोबर वाजविताना ड्रमवादक नसल्याने ती उणीव त्यांनी तारांवर भरून काढली होती. या संचाच्या १९७१ च्या 'देअर्स अ रायट गोइंग ऑन' या ध्वनिमुद्रिकेत पूर्वीचा आशावाद मावळलेला जाणवतो. दुसरीकडे जॉर्ज क्लिंटन यांनी १९७५ च्या 'मदरशिप कनेक्शन' मध्ये कृष्णवर्णीयांना अंतराळयानात बसविले. उद्धाराचे वाहन आकाशातून येईल ही चर्चमधील जुनी कल्पना त्यांनी विनोदाचा वेश चढवून रंगभूमीवर आणली. त्या यानाची प्रतिकृती पुढे वॉशिंग्टन येथे २०१६ मध्ये उघडलेल्या आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात विराजमान झाली.

४

डिस्को या शब्दाचे मूळ फ्रेंच 'दिस्कोतेक' मध्ये, म्हणजे तबकड्यांच्या संग्रहालयात आहे. जेथे वादक नाहीत, तबकडी वाजते आणि लोक नाचतात, ते स्थळ म्हणजे डिस्को. १९६९ च्या जून महिन्यात न्यूयॉर्कमध्ये समलिंगी लोकांनी पोलिसांच्या छाप्याविरुद्ध उठाव केला. त्यानंतर काही महिन्यांनी, फेब्रुवारी १९७० मध्ये, डेव्हिड मंकूसो यांनी ब्रॉडवेवरील आपल्या राहत्या जागेत निमंत्रितांसाठी नृत्यरात्री सुरू केल्या. तेथे येणाऱ्यांत कृष्णवर्णीय, लॅटिन आणि समलिंगी लोक पुष्कळ असत. ज्यांना अन्यत्र उघडपणे नाचणे कठीण होते, त्यांचा हा समुदाय होता.

त्यांना लागणारे संगीत फिलाडेल्फियातून आले. केनी गॅम्बल आणि लिऑन हफ यांच्या कंपनीत तंतुवाद्यांचा झुळझुळीत पट आणि अर्ल यंग या ड्रमवादकाचा चारही मात्रांवर समान आघात यांचा संयोग झाला. फंकमध्ये पहिली मात्रा श्रेष्ठ होती; येथे चारही मात्रांना सारखाच मान मिळाला. ताल न शिकलेल्यालाही नाचता येईल अशी ही समता होती. तबकडीचे रूपही बदलले. १९७६ मध्ये 'टेन पर्सेंट' हे गीत बारा इंची तबकडीवर विक्रीस आले. वॉल्टर गिबन्स यांनी त्याचे नऊ मिनिटांहून अधिक लांबीचे रूप तयार केले होते. रुंद खाचांमुळे खर्जातील नाद ठसठशीत उमटे. वाढविलेल्या भागात शब्द जवळजवळ नव्हते. ती जागा नाचणाऱ्यांसाठी होती. पुढच्याच वर्षी डॉना समर यांनी गाइलेल्या आणि जॉर्जिओ मोरोडर व पीट बेलॉट यांनी म्युनिक येथे सिद्ध केलेल्या 'आय फील लव्ह' मध्ये वाद्यवृंदाची जागा विद्युत्-स्वरयंत्राने घेतली.

वृंद यंत्रात लुप्त झाला, मग प्रतिसाद देणार कोण? याचे उत्तर 'आय विल सर्व्हाइव्ह' या गीताच्या इतिहासात मिळते. ग्लोरिया गेनर यांचे हे गीत १९७८ मध्ये तबकडीच्या मागच्या, दुय्यम बाजूवर निघाले. तबकडी वाजविणाऱ्यांनी ती उलटून पाहिली, नाचणाऱ्यांनी ते गीत उचलून धरले आणि कंपनीला आपला निर्णय बदलावा लागला. कोणती संहिता टिकणार हे पायांनी ठरविले. सिल्व्हेस्टर यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. लॉस एंजेलिसच्या एका पेंटेकोस्टल चर्चमध्ये गात वाढलेल्या या गायकाला समलिंगी वृत्तीमुळे पौगंडावस्थेतच ते चर्च सोडावे लागले. १९७८ च्या त्यांच्या गाजलेल्या डिस्को गीतात आवाज मात्र चर्चचाच आहे, आणि त्यांच्या साथीला गाणाऱ्या मार्था वॉश आणि आयझोरा ऱ्होड्स यांची घडणही गॉस्पेलचीच होती. देवळाने नाकारलेल्याने देवळातील प्रतिसाद नृत्यगृहात पुन्हा उभा केला.

१२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कॉमिस्की पार्क मैदानात बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मध्यंतरात डिस्को तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडविण्यात आला. तबकडी आणणाऱ्याला ९८ सेंटमध्ये प्रवेश होता. सुमारे ५० हजार लोक जमले. मैदानात जमाव घुसल्याने दुसरा सामना होऊ शकला नाही. बाजाराने डिस्कोचा अतिरेक केला होता, हे मान्य करावे लागेल. तथापि आणलेल्या तबकड्यांत डिस्कोशी संबंध नसलेल्या कृष्णवर्णीय कलावंतांच्या तबकड्याही होत्या, असे त्या दिवशी मैदानावर काम करणाऱ्याने पुढे सांगितले आहे. संगीताबरोबर त्याला प्रतिसाद देणारा समुदायही तेथे धिक्कारला गेला, असा निष्कर्ष टाळता येत नाही. त्याच शिकागोत फ्रँकी नकल्स यांच्यासारख्यांनी डिस्कोच्या अवशेषांतून 'हाउस' हे नवे संगीत घडविले.

५

भारतात डिस्को आला तो मुख्यतः चित्रपटातून. बंगलोरला जन्मलेले आणि लंडनमध्ये नाव मिळविलेले बिद्दू यांनी 'कुर्बानी' (१९८०) साठी नाझिया हसन यांच्याकडून एक गीत गाऊन घेतले; १९८२ मध्ये 'डिस्को डान्सर' आला. ताल आला, झगमगाट आला. ज्या समुदायाच्या प्रतिसादातून तो ताल जन्मला होता, तो मात्र वाटेतच राहिला. मराठी साहित्यविचारात नेमके याच्या उलट घडले. मुंबईत १९७२ साली स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले; म. ना. वानखेडे, जनार्दन वाघमारे यांनी कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा मराठी वाचकाला साक्षेपाने परिचय करून दिला. येथे समुदायाची वेदना पोहोचली. पण ती मुख्यतः छापील ग्रंथांच्या द्वारे. गाणे एका वाटेने आले आणि समाज दुसऱ्या वाटेने. दोहोंची गाठ क्वचितच पडली.

ही गाठ घालून देणे हे तौलनिक अभ्यासाचे काम आहे, आणि त्याचा लाभ केवळ परकीय संगीत समजण्यापुरता नाही. अभंग आपण आज गाथेच्या पानावर वाचतो. कीर्तनात त्याचे ध्रुपद टाळकरी उचलतात तेव्हा त्याचा अर्थ पुरा होतो. शाहिराच्या मागे उभे राहून झील धरणाऱ्यांचे नाव संहितेत कोठेच नसते. सोल, फंक आणि डिस्को यांच्या इतिहासातून आपण जर एवढे शिकलो, की संहिता हे गीताचे अर्धेच अंग आहे आणि उरलेले अर्धे ज्यांच्या कंठात वा पायांत असते त्यांची नोंद ठेवणे हेही साहित्याच्या अभ्यासकाचे कर्तव्य आहे, तर वर्गातील त्या दिवशीच्या स्तब्धतेचे चीज झाले असे म्हणता येईल.