विजेवरची गाडी : तालुक्याच्या गावातील हिशेब

वऱ्हाडात ‘विजेची मोटार’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे प्रथम येते ती विहिरीवरची. रस्त्यावरून धावणाऱ्या विजेच्या मोटारीचा परिचय त्या मानाने अगदी अलीकडचा आहे. परंतु दोन्हींचे नशीब एकाच रोहित्राशी बांधलेले असते, ही गोष्ट या नव्या वाहनाचा विचार करताना सहसा सांगितली जात नाही. गाडीच्या जाहिरातीत किलोमीटर असतात, वेग असतो, पडद्यावरची दिमाखदार चित्रे असतात. अंगणातल्या मीटरविषयी, अर्थिंगविषयी आणि संध्याकाळी उतरणाऱ्या विद्युतदाबाविषयी मात्र अवाक्षर नसते. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या ग्राहकाच्या दृष्टीने खरा प्रश्न तोच आहे.

अकोला जिल्ह्याच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले तेल्हारा हे या प्रश्नाचे चांगले उदाहरण होय. हे शहर रेल्वेमार्गावर नाही. दवाखाना, न्यायालय, बँकेचे मोठे काम किंवा जिल्हा परिषदेची बैठक, कशासाठीही निघावयाचे तर एस. टी. किंवा स्वतःचे वाहन. अकोटला जाऊन-येऊन सुमारे साठ किलोमीटर होतात, अकोल्याला शंभराहून अधिक, आणि अमरावतीला तर एका बाजूलाच सव्वाशेच्या जवळपास. नोकरीनिमित्त रोज ये-जा करणाऱ्या शिक्षकाच्या व कर्मचाऱ्याच्या पगारातून पेट्रोलचा भाग किती जातो, हे त्याच्या घरच्यांना विचारावे. त्यामुळे विजेवरच्या गाडीकडे अशा माणसाचे लक्ष जाणे स्वाभाविक आहे, आणि आयुष्यभराच्या बचतीतील आठ-दहा लाख रुपये त्यात गुंतणार असल्याने घाई न करणेही तितकेच अगत्याचे आहे.

राज्याला हे तंत्र आता अपरिचित राहिलेले नाही. १ जून १९४८ रोजी एस. टी.ची पहिली बस पुणे-अहमदनगर मार्गावर धावली होती; त्याच मार्गावर १ जून २०२२ रोजी महामंडळाची ‘शिवाई’ ही विजेवरची बस सुरू झाली. बसचा मार्ग ठरलेला, वेळ ठरलेली आणि चार्जिंगची जागाही ठरलेली असते. खाजगी गाडीलाही हे तंत्र मानवते ते याच अटीवर : धाव ठरलेली असावी आणि रात्रीची जागा घरची असावी.

किलोमीटरचा हिशेब

हिशेबासाठी २४ युनिट क्षमतेच्या बॅटरीची छोटी गाडी घेता येईल. टाटा कंपनीची २०२२ मध्ये बाजारात आलेली टियागो ही याच क्षमतेत मिळते. अशा गाडीच्या कागदावर तीनशेच्या आसपास किलोमीटर लिहिलेले असतात. तो आकडा खोटा नसतो, पण तो चाचणीचा असतो. वऱ्हाडच्या उन्हात, वातानुकूलन चालू ठेवून, चार माणसे बसवून त्याच्या सुमारे दोन-तृतीयांश अंतर धरणे शहाणपणाचे. म्हणजे एका चार्जिंगमध्ये १८० ते २०० किलोमीटर. अकोट आणि अकोला यांच्या फेऱ्या त्यात बसतात. अमरावतीची जाऊन-येऊन फेरी बसत नाही, वाटेत किंवा तेथे पोहोचल्यावर गाडी जोडावीच लागते.

चार्जिंगमध्ये थोडी वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते. ती धरून मीटरवरच्या एका युनिटमागे सात किलोमीटर मिळतात असे मानावे. अकोटला रोज जाणाऱ्याचे महिन्याला १,५०० किलोमीटर होतात. पेट्रोलची छोटी गाडी लिटरला १६ किलोमीटर देते आणि पेट्रोल लिटरला १०५ रुपये आहे असे धरले, तर हा खर्च सुमारे ९,८०० रुपये होतो. विजेच्या गाडीला तेवढ्याच अंतरासाठी सुमारे २१५ युनिट लागतील.

या २१५ युनिटांची किंमत मात्र घरोघरी वेगळी असते. घरगुती विजेचे दर टप्प्यांनी चढतात. पहिल्या शंभर युनिटांचा दर आणि तीनशेच्या पुढचा दर यांत फार मोठा फरक आहे. ज्या घरात महिन्याला ९० युनिट जळतात, तेथे गाडीची बहुतेक वीज १०१ ते ३०० या टप्प्यात पडेल. सर्व आकार धरून युनिटला १३ रुपये मानले तर गाडीचा खर्च सुमारे २,८०० रुपये. उलट, उन्हाळ्यात दोन कूलर लावून आधीच २५० युनिटांपर्यंत गेलेल्या घरात गाडीची बरीचशी वीज तीनशेच्या वर जाईल आणि हाच खर्च साडेतीन हजारांच्या घरात पोहोचेल. तरीही तो पेट्रोलच्या एक-तृतीयांशाच्या आसपासच राहतो.

इतके वाचून गाडी नोंदविण्यास निघालेल्या गृहस्थाने क्षणभर थांबावे. विजेच्या गाडीवर १ ऑगस्ट २०१९ पासून वस्तू व सेवा कर केवळ ५ टक्के आहे आणि राज्याच्या २०२५ च्या धोरणानुसार तिला मोटार वाहन करातून सूट आहे. तथापि २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरील वस्तू व सेवा करही २८ वरून १८ टक्क्यांवर आल्याने दोहोंच्या किमतीतील अंतर पुन्हा थोडे रुंदावले. हे अंतर तीन लाख रुपये धरावे. महिन्याला १,५०० किलोमीटर धावणारा ग्राहक वर्षाला सुमारे ८४,००० रुपये वाचवितो. कर्जावरील नऊ टक्के व्याज हिशेबात घेतले तरी साडेचार वर्षांच्या आसपास जादा पैसे वसूल होतात. परंतु ज्याची गाडी महिन्याला ५०० किलोमीटरच धावते, त्याची वार्षिक बचत २८,००० रुपयांच्या पुढे जात नाही, आणि तीन लाखांवरचे पहिल्या वर्षाचे व्याजच २७,००० होते. अशा ग्राहकाने विजेची गाडी शांतता, धूर नसणे किंवा हौस यांसाठी जरूर घ्यावी. बचतीसाठी घेऊ नये.

विम्याचा मुद्दा थोडक्यात सांगता येतो. २०२२ पासून त्रयस्थ पक्षाच्या विम्याच्या हप्त्यात विजेवरच्या गाड्यांना १५ टक्के सवलत आहे. पण गाडीची किंमत जास्त असल्याने स्वतःच्या नुकसानीचा विमा महाग पडतो, आणि सवलत त्यात विरून जाते.

मीटर, अर्थिंग आणि रात्र

घरच्या १५ अँपिअरच्या प्लगवर अशी गाडी भरण्यास रिकामीपासून आठ-नऊ तास लागतात. रोज साठ किलोमीटर धावणाऱ्या गाडीला रात्रीचे तीन-चार तास पुरतात. या काळात प्लग सतत सुमारे तीन किलोवॅट वीज ओढतो. जुन्या घरांचा मंजूर भार पुष्कळदा एक-दोन किलोवॅटच असतो. तो अर्ज करून वाढवून घ्यावा लागतो. गाडीसाठी मीटरपासून स्वतंत्र, जाड तांब्याची तार, स्वतंत्र एम. सी. बी. आणि गळती होताच वीज तोडणारे आर. सी. सी. बी. उपकरण बसवावे. कूलरच्या एक्सटेन्शन बोर्डावर गाडी लावणे म्हणजे आगीला आमंत्रण होय.

अर्थिंगकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. घरातील दिवे आणि पंखे अर्थिंगवाचून वर्षानुवर्षे चालतात, त्यामुळे ते नाही हे कोणाच्या ध्यानीही येत नाही. गाडीचा चार्जर मात्र अर्थिंग सापडले नाही तर चालूच होत नाही, आणि मग दोष गाडीच्या माथी मारला जातो. तेल्हारा तालुक्याचा काही भाग पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात मोडतो. खाऱ्या मातीत वीज सहज जमिनीत उतरते हे खरे, पण तीच माती लोखंडी पाइपाला गंज आणून काही वर्षांत खाऊन टाकते. तेथे तांब्याचा इलेक्ट्रोड वापरावा आणि दरवर्षी परवानाधारक तंत्रज्ञाकडून अर्थिंग मोजून घ्यावे.

सायंकाळी सात ते दहाच्या दरम्यान दाब उतरतो, त्या वेळी चार्जर धिमा होतो किंवा थांबतो. अकरानंतर लावलेली गाडी पहाटेपर्यंत निर्वेधपणे भरते. पावसाळी वादळात वीज रात्रभर गेली तर? यासाठी गाडी कधीही वीस-पंचवीस टक्क्यांच्या खाली जाऊ न देण्याची सवय लावावी, म्हणजे दुसऱ्या दिवशीची शाळा चुकत नाही.

शेतातील घरात राहणाऱ्यांना इशारा देणे आवश्यक आहे. कृषी वाहिनीवर तीन फेजची वीज पाळीने, ठरावीक तासच मिळते. शिवाय पंपाच्या जोडणीवरून गाडी भरणे हा मंजूर कारणाव्यतिरिक्त केलेला वापर ठरतो. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १२६ अन्वये त्याची आकारणी दुप्पट दराने होते. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज मिळू लागल्याने हा मोह वाढण्याची शक्यता आहे. गावातील जाणत्या मंडळींनी तो वेळीच परतवून लावावा.

छपरावर सौरसंच असेल तर गणित पुष्कळ सुधारते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत ३ किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपये अनुदान आहे, आणि वऱ्हाडच्या उन्हात असा संच महिन्याला सरासरी तीनशेहून अधिक युनिट देतो. पावसाळ्यात उत्पादन घटते, एवढे ध्यानात ठेवावे. येथे एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी : सौरसंच नसताना गाडी तेल्हाऱ्यात धूर सोडत नसली, तरी तिच्यासाठी कोळसा कोठेतरी जळतच असतो, आणि त्यासाठी फार दूर पाहावयास नको, पारसचे औष्णिक केंद्र याच जिल्ह्यात आहे.

ऊन, पाऊस आणि मिस्त्री

वैशाखात अकोल्याचा पारा ४४-४५ अंशांवर जाणे नवलाचे नाही. लिथियमच्या बॅटरीला उष्णतेपेक्षाही उष्णतेत पूर्ण भरून उभे राहणे अधिक बाधते. म्हणून गाडी कडुनिंबाखाली किंवा पत्र्याच्या सावलीत लावावी, दुपारी आल्याबरोबर प्लग जोडू नये, आणि रोजच्या वापरास ऐंशी टक्के भरून समाधान मानावे. काही प्रकारच्या बॅटऱ्या मधूनमधून पूर्ण भरण्याची सूचना निर्माते करतात. ती पुस्तिकेत पाहून पाळावी. बॅटरीवर बहुधा आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोपर्यंत हमी असते. हमीपत्रात किती टक्के क्षमता राखण्याचे वचन आहे, हे विकत घेतानाच वाचावे. क्षमता हळूहळू घटतच असते. आज दोनशे किलोमीटर जाणारी गाडी पुढे दीडशेवर आली तरी अकोटचे काम करील, अकोल्याचे मात्र ओढाताणीने.

बॅटरीच्या सुरक्षिततेचे निकष डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत कडक करण्यात आले. बॅटरीची पेटी पाणी शिरू नये अशीच बांधलेली असते. तरीही ती गाडीच्या तळाशी असल्याने पूर आलेल्या नाल्यात गाडी घालणे, किंवा काळ्या जमिनीवर उखडलेल्या रस्त्यावर तळ घासू देणे, महागात पडते.

यंत्रापुरते बोलावयाचे तर बिघाडास जागा कमी आहे. इंजिनाचे तेल नाही, क्लच नाही, सायलेन्सर नाही. वेग कमी करताना मोटरच काही वीज परत देते, त्यामुळे ब्रेकही कमी झिजतात. गाडी सकाळी जागी झाली नाही तर पुष्कळदा कारण असते ती बारा व्होल्टची लहान साधी बॅटरी. खरी अडचण माणसांची आहे. नारिंगी तारांच्या उच्च दाबाच्या भागाला गावातील मिस्त्रीने हात लावू नये, आणि कंपनीचे सेवाकेंद्र बहुधा जिल्ह्याच्या ठिकाणी असते. बंद पडलेली गाडी दोरीने ओढून नेता येत नाही, चारही चाके उचलून न्यावी लागते. तेव्हा तेल्हाऱ्याहून गाडी नेण्याची सोय विम्यात आहे की नाही, याची खातरजमा आधीच करावी. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधून ‘मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल’ हा अभ्यासक्रम शिकून आलेली मुले तालुक्यात दुकाने थाटतील, तेव्हा ही अडचण पुष्कळशी दूर होईल.

सार्वजनिक चार्जिंग केंद्राबाबत स्थानिक संस्थांना वाटते त्यापेक्षा अधिक मोकळीक आहे. गाडी चार्ज करणे ही वीजविक्री नसून सेवा आहे, त्यास परवान्याची आवश्यकता नाही, असा खुलासा केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्येच केला आहे. त्यामुळे नगरपरिषद, बाजार समिती, ग्रामपंचायत किंवा एखादा बचत गटही ते चालवू शकतो. आठवडी बाजारास किंवा तहसील कचेरीत येणाऱ्यांच्या गाड्या तेथे दोन-तीन तास उभ्याच असतात. अशा ठिकाणी प्रचंड खर्चाच्या जलद यंत्रापेक्षा चार-सहा साधे प्लग अधिक उपयोगी पडतील. घरमालकास गाडीसाठी वेगळी वीजजोडणी मागण्याचा हक्क फेब्रुवारी २०२४ मधील केंद्रीय नियमदुरुस्तीने दिला आहे. तिचा दरवर्ग आणि स्थिर आकार वीज उपविभागात पाहून, घरच्या मीटरवरील वरच्या टप्प्याशी ताडून मगच अर्ज करावा. नवी जोडणी देण्याची मुदत याच दुरुस्तीनुसार नगरपरिषद क्षेत्रात सात दिवस आणि ग्रामीण भागात पंधरा दिवस आहे.