मानदुखी : ‘कडकन’ आवाजाचे किती मोजायचे?

पुण्यात फिजिओथेरपिस्टची एक बैठक साधारण ४०० ते ८०० रुपयांत होते. घरी बोलावलं तर वर शे-दोनशे. हातानं झटका देऊन सांधे हलवणाऱ्या कायरोप्रॅक्टरकडे पहिल्याच भेटीला दीड ते तीन हजार जातात. ग्रीवा बस्ती, म्हणजे मानेवर उडदाच्या पिठाचं आळं करून त्यात कोमट तेल धरणं, परवडणाऱ्या दरात हवी असेल तर रास्ता पेठेतल्या ताराचंद रामनाथ आयुर्वेद रुग्णालयात चौकशी करा. फिजिओथेरपीसाठी ससून रुग्णालय आहेच. तिथं पैसे वाचतात, वेळ जातो.

पण एका बैठकीचा दर फसवा असतो. बैठका किती, ते आधी विचारा. २०१२ साली अमेरिकेत २७२ मानदुखीग्रस्तांवर झालेला अभ्यास पाहा. एका गटाची मान कायरोप्रॅक्टरांनी सरासरी पंधरा भेटींत हाताळली. दुसऱ्याला तासाभराच्या दोन भेटींत घरी करायचे व्यायाम शिकवले. बारा आठवड्यांनी दोघांना जवळपास सारखाच आराम होता, नुसत्या गोळ्या घेणाऱ्या तिसऱ्या गटापेक्षा जास्त. आपल्याकडे बैठकीला हजार धरले, तरी पंधरा हजार विरुद्ध दोन हजार!

मानेला झटका देताना येणारा तो ‘कडकन’ आवाज सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी झाल्याचा. हाड जागेवर बसल्याची ती पावती नव्हे, मोबाइलवरच्या व्हिडिओत कितीही समाधानकारक वाटो. मानेला झटका न देता सांधा हळूहळू हलवण्याचाही गुण तेवढाच येतो, असं आजवरचे अभ्यास सांगतात. झटक्यानं मानेतली रक्तवाहिनी फाटून पक्षाघात होण्याचा धोका दुर्मीळ, पण खरा आहे. हातात मुंग्या, बोटांतली ताकद कमी, चालताना तोल जाणं, ताप, नुकतंच गाडीवरून पडणं, ठिसूळ हाडं किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, यांतलं काहीही असेल तर आधी अस्थिरोगतज्ज्ञ गाठा.

कायरोप्रॅक्टरसाठी भारतात वेगळी वैधानिक परिषद नाही, म्हणून त्याची पदवी कुठली ते बेधडक विचारा. फिजिओथेरपिस्टचा नोंदणी क्रमांक महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेचा हवा. दहा बैठकांचं पॅकेज आगाऊ घेऊ नका. तीन-चार बैठकांत फरक नसेल तर तपासणी पुन्हा करायला सांगा. व्यायाम न शिकवता नुसतं मशिन लावून बसवत असतील, तर दुसरा दवाखाना शोधा. बहुतेक मेडिक्लेममध्ये हा बाह्यरुग्ण खर्च बसत नाही. कंपनीच्या विम्यात ओपीडीची सोय असली, तर नोंदणी क्रमांकासह पावती आणि डॉक्टरांची चिठ्ठी पहिल्या दिवसापासून जपा.