खाणीचा चोथा आणि खालचीं गांवें

ज्या बाकावर बसून आपण हा अंक वाचाल त्या बाकाचा खिळा, घरांतील विजेची तार आणि आईच्या बोटांतील अंगठी हीं सर्व भूमीच्या उदरांतून आलीं आहेत. परंतु धातु काढून घेतल्यावर जें मागें उरतें त्याचें पुढें काय होतें, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतों. त्याचा थोडा विचार आम्ही येथें करणार आहों.

खाणींतील खडक पिठासारखा बारीक दळतात आणि पाण्याच्या व रसायनांच्या साह्यानें त्यांतील धातु वेगळा करितात. तांब्याच्या पुष्कळ खाणींत शंभर मण खडक दळला तरी मणभर तांबें हातीं लागत नाहीं. बाकी राहतो तो ओला चोथा. तो बंधारा घालून त्यामागें सांठवितात. पाण्याचें धरण एकदां बांधून पुरें होतें. हा बंधारा मात्र खाण चालते तोंवर वर्षानुवर्षें उंच होत जातो. कित्येक ठिकाणीं खर्च वांचविण्यासाठीं जुन्या चोथ्यावरच नवा बांध चढवितात. म्हणजे भिंतीचा पायाच चिखलाचा!

यांत धोका कोणता, तें एका सोप्या प्रयोगानें कळेल. परातींत ओली वाळू थापून तिच्यावर एक दगड ठेवा आणि परातीच्या कडेला हळूहळू ठोके द्या. घट्ट दिसणारी वाळू पातळ होऊन पाणी वर येतें व दगड खालीं बुडूं लागतो. चोथ्यांत पाणी मुरून राहिलें तर डोंगराएवढ्या बंधाऱ्याचीही हीच गत होते. म्हणून पाणी आंत सांचूं न देणें हा या विद्येचा पहिला धडा होय.

रुमानिया देशांत बाया मारे शहराजवळ सायनाइड या जहराच्या साह्यानें सोनें काढीत असत. इ. स. २००० च्या जानेवारीच्या ३० तारखेस रात्रीं, पाऊस व वितळलेला बर्फ यांमुळें तेथील तळें भरून बंधारा फुटला आणि सुमारें १,००,००० घनमीटर विषारी पाणी नद्यांतून हंगेरी देशांतील तिसा नदींत व पुढें डॅन्यूबमध्यें गेलें. एकट्या हंगेरींत हजार टनांहून अधिक मासे मेले. तळें अचानक भरलें तर जादा पाणी सुरक्षितपणें कोठें जावें, याची तरतूदच केलेली नव्हती. परंतु एक गोष्ट चांगली झाली. वरच्या देशानें खालच्या देशास वेळेवर खबर दिली. त्यामुळें विषाची लाट येण्यापूर्वीं नदीचें पाणी घेणें थांबवितां आलें.

जेथें अशी खबर मिळाली नाहीं तेथें काय झालें, तें पाहा. ब्राझील देशांत मारियाना शहराजवळ ५ नोव्हेंबर २०१५ रोजीं दुपारीं लोखंडाच्या खाणीचा फुंदाव नांवाचा बंधारा फुटला. खालीं कांहीं मैलांवर बेंतो रॉद्रिगिस हें खेडें होतें. तेथें धोक्याचा भोंगा नव्हता. शाळा भरलेली होती. बातमी कानीं येतांच मुख्याध्यापिकेनें क्षणाचाही विलंब न लावितां मुलांस बाहेर काढून उंचावर नेलें. चिखलानें शाळा गिळली. परंतु त्या वेळीं शाळेंत असलेल्या मुलांपैकीं एकही दगावलें नाहीं. तरी या अपघातांत एकंदर १९ माणसें मेलीं, आणि तो चिखल रियो दोसे नदीनें थेट समुद्रापर्यंत गेला. त्या नदीच्या नांवाचा अर्थ ‘गोड नदी’ असा आहे!

इतक्यावरही डोळे उघडले नाहींत. त्याच राज्यांत २५ जानेवारी २०१९ रोजीं ब्रुमाजिन्यू येथील बंधारा ऐन जेवणाच्या वेळीं कोसळला. कामगारांची खाणावळ व कचेऱ्या अगदीं त्याच्या खालींच होत्या. भोंगा बसविलेला होता, पण तो वाजलाच नाहीं. बंधारा सुरक्षित असल्याचा दाखला कांहीं महिन्यांपूर्वींच मिळालेला होता. २७० माणसें प्राणांस मुकलीं. कागदावरचा दाखला चिखल अडवूं शकत नाहीं, हा धडा फार महाग पडला.

त्यानंतर ब्राझीलनें चोथ्यावर बांध चढविण्याची पद्धत बंद केली, आणि इ. स. २०२० मध्यें संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण संस्थेच्या सहभागानें अशा बंधाऱ्यांसाठीं जागतिक नियमावली प्रसिद्ध झाली. तिचें सार असें कीं, बंधाऱ्याची जबाबदारी खाणीच्या वरिष्ठ अधिकाऱ्यावर असावी, तपासणी परक्या व स्वतंत्र तज्ज्ञांकडून व्हावी आणि खालच्या वस्तीस खरी माहिती मिळावी. चोथ्यांतील पाणी शक्य तितकें काढून तो कोरडा रचणें, हाही एक उपाय आहे. त्यास खर्च अधिक येतो खरा. पण तो खर्च वांचविला म्हणजे त्याची किंमत खालच्या गांवानें भरावी लागते.

हे दूरदेशींचे प्रसंग म्हणून सोडून देऊं नयेत. गोमंतकांत डिचोली व सांगे या भागांत लोखंडाच्या खाणींतील टाकाऊ मातीचे ढीग उभे राहिले, आणि पावसाळ्यांत त्यांवरून वाहणारें तांबडें पाणी भातशेतांत गाळ घेऊन येतें, हें तेथील शेतकऱ्यांनीं पाहिलें आहे.

तेव्हां विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनींही तीन प्रश्न विचारण्याची संवय लावून घ्यावी: आपल्या गांवाच्या वर काय सांठविलें आहे? त्यावर लक्ष कोण ठेवितो? आणि तें फुटलें तर आपणांस कोण व केव्हां सांगणार? उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहणें हें उद्धटपणाचें लक्षण नव्हे. तें नागरिकाचें कर्तव्य होय. बेंतो रॉद्रिगिसच्या मुलांस भोंग्यानें वांचविलें नाहीं. वांचविलें तें एका बाईंच्या सावधपणानें. परंतु प्रत्येक गांवाच्या दैवीं अशा बाई असतीलच असें नाहीं. म्हणून भोंगाही हवा, आणि तो वाजतो कीं नाहीं हें वेळोवेळीं पाहणारीं माणसेंही हवींत.