दोघांचं कॉलेज, दोन घरांचा हिशेब

जून महिन्यात मालवणच्या एका सेतू केंद्रात एक मुलगा आणि एक मुलगी माझ्या शेजारी बसली होती. बाहेर धो धो पाऊस. मुलीच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली शंभर पानी वही होती. डाव्या पानावर तिची कॉलेजं, उजव्या पानावर त्याची आणि दोन्हीकडे आलेल्या नावांभोवती लाल पेनाने गोल. बारावी नुकतीच झालेली, दोन्ही घरांना माहीत असलेली आणि घरच्यांनी निदान विरोध न केलेली ही जोडी होती. तिला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग हवं होतं. त्याच्या पानावर सगळीकडे मेकॅनिकल लिहिलेलं, पण अगदी वर एक ओळ खोडलेली होती: मत्स्यविज्ञान, रत्नागिरी. “ते तिच्या कॉलेजात नाही ना,” एवढंच तो म्हणाला.

त्याचे वडील मागे उभे होते. त्यांची होडी आहे. ते म्हणाले, “माझ्या झिलाची फी मी भरतलंय, तिची तिचो बापूस भरतलो. मगे कॉलेज एकच कित्याक व्हया?”

दरवर्षी अशा दोन-चार जोड्या तरी भेटतात. त्यांना मी जे सांगतो तेच इथे लिहितो आहे. एकत्र राहायचं असेल तर एकच शहर निवडा, एकच कॉलेज नव्हे. आणि ते शहर ज्याचा विषय कमी ठिकाणी मिळतो त्याने ठरवावं. कॉम्प्युटर कोकणातल्या जवळपास प्रत्येक इंजिनिअरिंग कॉलेजात आहे. मत्स्यविज्ञानाची पदवी कोकणात म्हणजे रत्नागिरीजवळच्या शिरगावला, दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचं मत्स्य महाविद्यालय. मग गाव त्याने धरावं आणि तिने त्याच गावात आपली शाखा शोधावी. रत्नागिरीत फिनोलेक्स अकादमी आहे, अलीकडे सुरू झालेलं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. दोघं रिक्षाच्या अंतरावर राहतील आणि कुणालाही आपला विषय खोडावा लागणार नाही.

आता पैशांकडे येऊ. इथे बहुतेक जोड्या पहिली चूक करतात: दोघांचा खर्च सारखाच येईल असं धरतात. तो सारखा येत नाही.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, २०२४-२५ पासून, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश केंद्रीय फेरीतून, म्हणजे कॅपमधून झालेला हवा. याच गटांतल्या, त्याच उत्पन्नाच्या घरातल्या मुलाला ही पूर्ण माफी नाही, त्याला शिक्षण शुल्कात निम्मी सवलत मिळते. खुल्या गटातल्या मुलांसाठी ती राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून येते. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलामुलींच्या योजना वेगळ्या आहेत, त्यांनी त्या वेगळ्या वाचाव्यात.

हिशेबासाठी खासगी कॉलेजची वर्षाची फी १ लाख धरू: शिक्षण शुल्क ९० हजार, विकास शुल्क १० हजार. दोघांची कागदावरची फी २ लाख होते. प्रत्यक्षात मुलीला १० हजार भरावे लागतील आणि मुलाला ५५ हजार. म्हणजे वर्षाला ४५ हजारांचा फरक, चार वर्षांत १ लाख ८० हजारांचा. तुमच्या कॉलेजचे खरे आकडे शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर मिळतात, ते इथे घालून पाहा. एक लक्षात ठेवा, माफी फक्त शिक्षण आणि परीक्षा शुल्काची आहे. विकास शुल्क, वसतिगृह, मेस, अनामत हे सगळं खिशातून जातं. “मुलीला सगळं फुकट” असं समजून चालणाऱ्या पालकांची ऑगस्टमध्ये फार ओढाताण होते.

मुलासाठी एक दार बऱ्याचदा उघडं असूनही दिसत नाही. ते म्हणजे टीएफडब्ल्यूएस, शिक्षण शुल्क माफी योजना. प्रत्येक शाखेत मंजूर जागांवर ५ टक्के जादा जागा, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना, शिक्षण शुल्क पूर्ण माफ. कॉलेजांची पसंती भरायच्या ऑप्शन फॉर्ममध्ये या जागेचा कोड वेगळा असतो आणि तो वेगळा भरावा लागतो, आपोआप मिळत नाही. पण या जागेवर बसलात की पुढे कॉलेज बदलता येत नाही आणि शाखाही बदलता येत नाही. “आत्ता मिळेल तिथे घेतो, दुसऱ्या वर्षी तिच्या कॉलेजात जातो” असा बेत असेल तर ही जागा घेऊ नका. साध्या जागेवरूनही दुसऱ्या वर्षी बदल होतो तो जागा रिकामी असेल तर आणि गुणांवर. त्या आशेवर चार वर्षांचा बेत रचू नये.

फीपेक्षा मोठा खर्च राहण्या-जेवणाचा, आणि तो शहराप्रमाणे बदलतो. रत्नागिरीत खोली-जेवणाचे महिना ७ हजार धरा, मुंबईत १२ हजार. वर्षाचे दहा महिने धरले तर एकाचे ७० हजार विरुद्ध १ लाख २० हजार. दोघांचा मिळून वर्षाला १ लाखाचा फरक, चार वर्षांत ४ लाखांचा. मुंबईत मामाची किंवा आत्याची खोली असेल तर हिशेब पार बदलतो, आणि मालवणात निम्म्या घरांचे कुणी ना कुणी चाकरमानी मुंबईत असतातच. पण ती सोय सहसा एकाच्याच घराची असते. दुसऱ्याला मुंबईच्या भाड्यात ढकलायचं का, हे आधी बोला.

इतर मागास वर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या, वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६० हजार, इतर महापालिकांच्या शहरांत ५१ हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार, तालुक्याला ३८ हजार. लहान शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. हे पैसे उशिरा खात्यावर येतात, म्हणून पहिल्या सहामाहीचं भाडं त्यांच्या भरवशावर ठेवू नका.

घरी राहून शिकायचं असेल तर कणकवलीजवळ हरकुळला एसएसपीएम आणि सावंतवाडीला यशवंतराव भोसले संस्था आहे. एक इंजिनिअरिंगला आणि दुसरा फार्मसीला जाणार असेल तर सावंतवाडी चांगली पडते, तिथे दोन्ही एकाच संस्थेत आहेत. एसटीने जाण्यायेण्यात रोज तीनेक तास जातात, पण राहण्याचा खर्च शून्य. मासिक विद्यार्थी पासात ६६.६७ टक्के सवलत आहे. बाहेरगावी राहणाऱ्यांसाठी सांगतो, सुट्टीला घरी येताना मुलीला एसटीचं तिकीट निम्म्यात मिळतं, १७ मार्च २०२३ पासून. मुलाला पूर्ण पडतं.

कोल्हापूर आपल्याला मुंबईच्या एक तृतीयांश अंतरावर आहे. गगनबावड्याचा घाट चढला की आलंच. पण प्रवेशाच्या नियमात आपण मुंबई विद्यापीठाच्या क्षेत्रातले, आणि कोल्हापूर शिवाजी विद्यापीठाचं. त्यामुळे तिथल्या बहुतेक कॉलेजांत आपल्यासाठी होम युनिव्हर्सिटीच्या ७० टक्के जागा नाहीत, उरलेल्या ३० टक्क्यांत लढायचं. मागच्या वर्षीच्या कटऑफ यादीत कोडचं शेवटचं अक्षर बघा: एच म्हणजे होम, ओ म्हणजे बाहेरचे, एस म्हणजे राज्यपातळी. मालवणच्या मुलाने कोल्हापूरसाठी ओ किंवा एस बघायचा. एच बघून आशा धरली आणि रडत परत आले, असं मी पाहिलं आहे. गोवा त्याहून जवळ, पण तिथल्या शासकीय जागांना तिथल्या रहिवासाची अट आहे आणि आपल्या राज्याची फीमाफी तिथे लागत नाही.

आता फॉर्म. दोघांचा मिळून ऑप्शन फॉर्म नसतो. संगणकाला तुमचे गुण आणि तुमची पसंती कळते, नातं कळत नाही. शिवाय इंजिनिअरिंगची कॅप वेगळी, फार्मसीची वेगळी, मत्स्यविज्ञान कृषी शाखांच्या फेरीत. तारखा जुळत नाहीत. एकाची जागा पक्की होते तेव्हा दुसऱ्याची यादीसुद्धा लागलेली नसते.

इंजिनिअरिंगला २०२५-२६ मध्ये चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली तर ती घ्यावीच लागते आणि पुढच्या फेऱ्या बंद होतात. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पसंतींना हे लागू, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांना. याचा जोडीसाठी अर्थ असा की ज्याचे गुण जास्त तो आधी बांधला जातो. म्हणून पहिल्या सहा ओळी दोघांनी एकत्र बसून भरा. त्या ओळींतलं प्रत्येक गाव असं हवं की दुसऱ्याला तिथे निदान एक खात्रीची जागा दिसते. सातव्या ओळीपासून खाली ज्याने त्याने आपला विषय आणि आपलं कॉलेज बघून भरावं, आणि भरपूर भरावं. ३०० पर्यंत पर्याय देता येतात. लाल गोलातली पाच नावं भरून थांबू नका.

तसं थांबलेली एक जोडी मला आठवते. त्याला कॅपमध्ये काहीच लागलं नाही. शेवटी तिच्याच कॉलेजात व्यवस्थापनाच्या कोट्यातून जागा घेतली. कॅपबाहेरची जागा, म्हणून सवलत नाही. चार वर्षं पूर्ण फी. घरची दोन गुंठे कलमं त्यात गेली. दोघं एकाच कॉलेजात होती खरी, पण त्याच्या आईने ती फी कशी भरली ते मी पाहिलं आहे.

कर्ज लागलं तर दोघांनी दोन वेगळी काढा, ज्याच्या त्याच्या पालकांना सहकर्जदार घेऊन. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा मालमत्तेचं तारण मागत नाहीत, आणि हप्ते अभ्यासक्रम संपून वर्ष उलटल्यावर सुरू होतात. एकमेकांना जामीन राहू नका. खोलीची अनामतही ज्याची त्याच्या नावावर. तुमच्या नात्यावर अविश्वास दाखवायला मी हे सांगत नाही. अठराव्या वर्षी दिलेला शब्द चोविसाव्या वर्षी पाळता यावा, यासाठी तो बँकेच्या कागदापासून लांब ठेवलेला बरा.

एक शेवटचा प्रश्न दोघांनी वेगवेगळं बसून स्वतःला विचारावा: दुसऱ्याला या गावात जागा नाही मिळाली, तरी मी ही जागा घेईन का? उत्तर ‘नाही’ असेल तर ती ओळ वरच्या सहात नको.

त्या दिवशी सेतू केंद्रात खोडलेली ओळ त्याने पुन्हा लिहिली. तिने रत्नागिरीची दोन कॉलेजं वर आणली. पुढे काय लागतं ते गुणांवर.

आपल्या किनाऱ्यावरच्या घरांना मात्र एक सांगणं राहिलं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, त्याच सुमारास सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या आणि पर्यटनही थांबतं, आणि नेमक्या त्याच दिवसांत जागा स्वीकारण्याचे १ हजार, पाठोपाठ पहिली फी, वसतिगृहाची अनामत भरायची वेळ येते. नारळी पौर्णिमेनंतर येणाऱ्या पैशांवर जुलैची तारीख भागत नाही. तेव्हा आंब्याचे आणि मे महिन्याच्या पर्यटकांचे पैसे हाती असतानाच दोन्ही घरांनी प्रत्येकी निदान ३० हजार बाजूला काढा. आणि उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नॉन-क्रिमीलेअर, जात पडताळणी हे कागद मेअखेरपर्यंत हातात घ्या. जूनमध्ये तहसीलला रांग लागते.