सुजानबाई : वंशावळीतील एक ओळ

तंजावरहून कुंभकोणमकडे जाताना वाटेत पापनाशम लागते. येथील पालैवननाथर मंदिराच्या आवारात विटांचे एक प्रचंड नायककालीन धान्यकोठार उभे आहे. तंजावरच्या गादीसाठी एवढी चुरस का लागे, हे त्या कोठारापाशी वेगळे सांगावे लागत नाही. कावेरीकाठच्या भातावरच ती गादी उभी होती.

व्यंकोजींमागून शहाजी, सरफोजी व तुकोजी हे त्यांचे तिघे पुत्र क्रमाने राजे झाले. तुकोजी १७३६ मध्ये निवर्तले. त्यांचे पुत्र दुसरे एकोजी ऊर्फ बावासाहेब यांचाही वर्षभरात अंत झाला. त्यांच्या विधवा राणी सुजानबाई यांनी १७३७ मध्ये राज्य हाती घेतले आणि १७३८ मध्ये त्यांना ते गमवावे लागले. कोयाजी घाटगे याने सरफोजींचा पुत्र म्हणून एक शहाजी पुढे आणला. किल्लेदार सय्यद याच्या पाठबळावर तो गादीवर बसला. लोक त्याला ‘काट्टुराजा’, म्हणजे रानातला राजा, म्हणत. लोकांचा संशय त्या नावातच उमटला आहे! पुढे १७३९ मध्ये प्रतापसिंह राजे झाले. ते तुकोजींचे पुत्र खरे, परंतु विवाहित राणीचे नव्हेत.

येथे एक विसंगती नजरेत भरते. पुत्रांचा हक्क मातेच्या दर्जावरून तोलला जात होता. पण जिच्या दर्जाविषयी शंका नव्हती, त्या राणीचा स्वतःचा हक्क मात्र सर्वांत दुबळा ठरला. ताराबाईंना १७०० मध्ये निदान पुत्राच्या नावाने राज्य करता आले, आणि १७१४ मध्ये त्यांनाही सवतीच्या पुत्रासाठी बाजूला सारण्यात आले. सुजानबाईंपाशी तो आधारही नव्हता.

इतिहासकारांनी त्यांची कारकीर्द बहुधा ‘अराजकाचा काळ’ या शीर्षकाखाली आटोपली आहे. हा निवाडा मला घाईचा वाटतो. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवरील १८०३ चा मराठी वंशलेख दुसऱ्या सरफोजींनी कोरविला, आणि ते प्रतापसिंहांचे पुत्र तुळजाजी यांचे दत्तक पुत्र. म्हणजे हा लेख जिंकलेल्या शाखेचा होय. म्हणून त्याच्या शेजारी पाँडिचेरीच्या आनंद रंग पिळ्ळै यांची १७३६ पासूनची तमिळ रोजनिशी ठेवून वाचावी. पदच्युत शहाजीने फ्रेंचांना कारैकाल देऊ केले व १७३९ मध्ये फ्रेंचांनी ते ताब्यात घेतले. राणीला हटविणाऱ्यांच्या भांडणात तंजावरचे एक बंदर गेले.