मदतीचा हिशेब मागणाऱ्या जोन मॅकॉर्ड

प्रश्न : वाया जाऊ पाहणाऱ्या मुलांसाठी आम्ही काही शिक्षक मिळून उन्हाळी सुट्टीत निवासी शिबिर घेतो. मागे एका व्याख्यानात ऐकले, की अमेरिकेत अशाच मुलांना वर्षानुवर्षे मदत केली आणि तीच पुढे जास्त बिघडली, असे एका संशोधक बाईंनी दाखवून दिले. हे खरे आहे का? त्या कोण? आणि खरे असेल तर आम्ही शिबिर बंद करायचे का?
— एक शिक्षक, सांगली जिल्हा

उत्तर : व्याख्यानात सांगितले ते बरेचसे खरे आहे. त्या संशोधक म्हणजे जोन मॅकॉर्ड (१९३०–२००४). शिबिराच्या प्रश्नाकडे शेवटी येतो, कारण त्याचे उत्तर त्यांच्याच कामात आहे. पण ते नीट कळायला त्यांच्याही आधी, एका डॉक्टरापासून सुरुवात करावी लागते.

डॉ. रिचर्ड क्लार्क कॅबट हे बोस्टनमधले नामांकित वैद्य आणि हार्वर्डचे प्राध्यापक. रुग्णालयात समाजसेवक नेमण्याची पद्धत रुजवणाऱ्यांपैकी ते एक. समाजसेवेवर त्यांची श्रद्धा होती, पण औषधाची जशी परीक्षा होते तशी या सेवेची का होऊ नये, असे ते सहकाऱ्यांना जाहीरपणे विचारत. १९३५ मध्ये त्यांनी स्वतःच ती परीक्षा मांडली. बोस्टनला लागून असलेल्या केंब्रिज आणि सॉमरव्हिल या कामगारवस्तीच्या गावांतून लहान वयाचे मुलगे निवडले. काही शिक्षकांच्या आणि पोलिसांच्या दृष्टीने ‘अवघड’, काही अगदी साधे. वय, बुद्धी, घरची स्थिती, वस्ती, स्वभाव हे सारे पाहून एकमेकांशी जुळणाऱ्या मुलांच्या जोड्या लावल्या. मग प्रत्येक जोडीसाठी नाणे उडवले. एकाला मदत, दुसऱ्याला काही नाही. मदत कोणाला द्यायची हे कोणाच्या दयेवर किंवा ओळखीवर सोडले नाही, ही त्या काळात फार मोठी गोष्ट होती. गुन्हेगारी रोखण्याच्या क्षेत्रातला हा अशा पद्धतीचा पहिला मोठा प्रयोग मानतात.

मदतही वरवरची नव्हती. समुपदेशक सरासरी महिन्यातून दोनदा मुलाच्या घरी जात आणि हे सरासरी साडेपाच वर्षे चालले. अभ्यासात मागे पडलेल्यांना शिकवणी, आजाऱ्यांना डॉक्टर, उन्हाळ्यात शिबिर, घरात भांडण असेल तर आईवडिलांशी बोलणे. प्रत्येक भेटीनंतर समुपदेशक काय पाहिले, काय ऐकले ते सविस्तर लिहून ठेवी. कॅबट १९३९ मध्ये वारले. युद्धामुळे समुपदेशक बदलत गेले. तरी १९४५ पर्यंत काम चालू राहिले, आणि शेवटी २५३ जोड्या, म्हणजे ५०६ मुले, अभ्यासात उरली. लगेच केलेल्या मोजणीत मदत मिळालेल्या मुलांचे गुन्हे कमी झाल्याचे दिसले नाही. फळ उशिरा येईल, अशी आशा मात्र राहिली.

मॅकॉर्ड इथे येतात. स्टॅनफर्डमध्ये तत्त्वज्ञान शिकून त्या काही काळ प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या, पुढे हार्वर्डमध्ये शिक्षणशास्त्राची पदवी घेतली. पती विल्यम मॅकॉर्ड यांच्याबरोबर त्यांनी १९५० च्या दशकात या अभ्यासाच्या जुन्या फायली उघडल्या, त्यातून १९५९ चे ‘ओरिजिन्स ऑफ क्राइम’ हे पुस्तक आले. नंतर घटस्फोट झाला. दोन मुलांना वाढवत त्यांनी १९६८ मध्ये स्टॅनफर्डची पीएच.डी. मिळवली आणि फिलाडेल्फियात आधी ड्रेक्सेल, मग टेंपल विद्यापीठात शिकवले. संशोधक म्हणून त्यांचे नाव झाले ते मात्र त्याच जुन्या फायलींमुळे. नवा विषय, नवे अनुदान, नवे पुस्तक असा जिथे रिवाज असतो तिथे एकाच अभ्यासाकडे त्या चाळीसहून अधिक वर्षे परतत राहिल्या. मला त्यांच्याबद्दल सर्वांत मोठा आदर वाटतो तो या चिकाटीचा.

१९७५ च्या सुमारास त्यांनी त्या मुलांचा शोध सुरू केला. मुले आता पंचेचाळिशी-पन्नाशीची होती, देशभर पांगलेली. टेलिफोन, शहरांच्या नामसूची, वाहननोंदणी, लग्नाच्या आणि मृत्यूच्या नोंदी धुंडाळून त्यांच्या चमूने ४८० जण शोधून काढले. शेकडा पंचाण्णव! तीस वर्षांपूर्वीच्या वर्गातली निम्मी मुले शोधतानाही आपली दमछाक होते, तेव्हा या आकड्यामागचे कष्ट शिक्षकांना वेगळे सांगायला नकोत.

निष्कर्ष १९७८ मध्ये ‘अमेरिकन सायकॉलॉजिस्ट’ या नियतकालिकात आले. मदत मिळालेल्यांचे गुन्हे कमी नव्हतेच. उलट एकदा गुन्हा करून पुन्हा करणारे त्यांच्यात अधिक होते. दारूच्या व्यसनाच्या खुणा अधिक, गंभीर मानसिक आजार अधिक. रक्तदाब, हृदयविकार असे ताणाशी जोडले जाणारे आजार अधिक. जे वारले होते ते तुलनेने लहान वयात वारले होते. नोकऱ्याही कमी प्रतिष्ठेच्या होत्या. नाण्याच्या दुसऱ्या बाजूला पडलेली, कोणी न विचारलेली मुले त्यांच्यापेक्षा बरी निघाली.

आणि तरीही मदत मिळालेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणांनी सांगितले, की त्या कार्यक्रमाचा आम्हाला फायदा झाला. कित्येकांनी आपल्या समुपदेशकाची आठवण प्रेमाने काढली.

माझ्या मते मॅकॉर्ड यांच्या कामाचा गाभा इथे आहे. तोपर्यंत समाजकार्याचे यश मोजायचे म्हणजे बहुतेकदा ज्यांना मदत केली त्यांना विचारायचे, किंवा मदत करणाऱ्यांना. दोघेही मनापासून ‘उपयोग झाला’ म्हणत. दोघेही खोटे बोलत नव्हते. पण मदत मिळालीच नसती तर काय झाले असते, हे त्यांच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते. ते सांगू शकत होता फक्त जोडीतला दुसरा मुलगा.

असे का झाले असावे, यावर मॅकॉर्ड यांनी प्रथम काही शक्यता मांडल्या. बाहेरून आलेल्या माणसाची मूल्ये घरच्यांहून निराळी, त्यामुळे मुलाच्या मनात ओढाताण. आधाराची सवय. आपल्याला मदत लागते म्हणजे आपल्यातच काही खोट आहे अशी समजूत. नाहीतर उंचावलेल्या अपेक्षा आणि नंतरची निराशा. या शक्यता होत्या, पुरावे नव्हते. पुढे फायली आणखी बारकाईने चाळल्यावर दिसले, की ज्यांना मदत जास्त काळ आणि जास्त प्रमाणात मिळाली त्यांच्यात नुकसान अधिक आहे. आणि ते विशेषकरून त्या मुलांमध्ये आढळले ज्यांना उन्हाळी शिबिराला एकाहून अधिक वेळा पाठवले होते.

शिबिरानेच असे का व्हावे, याचा धागा दुसऱ्या एका संशोधनात मिळाला. अमेरिकेतल्याच ओरेगॉनमधले मानसशास्त्रज्ञ थॉमस डिशियन मुलांच्या मैत्रीचा अभ्यास करत होते. दोन मित्रांच्या गप्पांचे चित्रण करून त्यांनी पाहिले, की नियम मोडल्याच्या गोष्टींना मित्राकडून हशा मिळत असेल तर तशा गोष्टी वाढत जातात, आणि पुढे तसे वागणेही. बंडखोर मुलांना एकत्र बसवून घेतलेल्या त्यांच्या गटांमध्येही बिघाड वाढल्याचे दिसले होते. डिशियन, मॅकॉर्ड आणि फ्रांस्वा पूलँ यांनी १९९९ मध्ये हे दोन्ही धागे एका लेखात जोडले. शिबिरात बिघडवतो तो संयोजक नव्हे, तर शेजारच्या खाटेवरचा शाबासकी देणारा सोबती, असा त्यांचा कयास.

१९७८ च्या लेखावर टीकाही झाली. इतक्या बाबींची तुलना केली की काही फरक योगायोगानेही दिसतात, हा आक्षेप वाजवी होता. मॅकॉर्ड यांच्या मृत्यूनंतर ब्रँडन वेल्श आणि सहकाऱ्यांनी तोच शोध पुढे नेला. कार्यक्रम संपून ७२ वर्षे झाल्यानंतरची त्यांची पाहणी २०१९ मध्ये आली, आणि मृत्यूच्या बाबतीत दोन गटांत फरक आढळला नाही. म्हणजे ‘मदतीमुळे आयुष्य घटले’ असे आज म्हणता येत नाही. व्याख्यानात हे कदाचित राहून गेले असेल. मदतीने गुन्हे कमी झाले, असे मात्र कोणत्याच फेरीत दिसलेले नाही.

त्यांच्या प्रभावाबद्दल थोडक्यात. अमेरिकेतल्या गुन्हेगारीशास्त्रज्ञांच्या प्रमुख संघटनेच्या, ‘अमेरिकन सोसायटी ऑफ क्रिमिनॉलॉजी’च्या, त्या पहिल्या स्त्री अध्यक्ष. बालगुन्हेगारीवरच्या राष्ट्रीय समितीचा २००१ चा अहवाल त्यांच्या सहसंपादनाखाली निघाला. पण पदांपेक्षा मोठे हे, की ‘अपाय तर होत नाही ना’ हा प्रश्न विचारणे या क्षेत्रात रीतीचे झाले. मुलांना तुरुंगात नेऊन कैद्यांकडून दरडावून घेण्याचा ‘स्केअर्ड स्ट्रेट’ हा कार्यक्रम अमेरिकेत फार लोकप्रिय होता. अँथनी पेट्रोसिनो आणि सहकाऱ्यांनी त्यावरच्या नऊ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा भीती दाखवल्याने गुन्हे वाढतात असेच निघाले. मॅकॉर्ड यांनी पाडलेली वाट नसती तर असा निष्कर्ष ऐकून घ्यायला फारसे कोणी तयार झाले नसते, असे मला वाटते.

आता तुमचे शिबिर. एका अभ्यासावरून ते बंद करा, असे मॅकॉर्ड यांनीही म्हटले नसते. मदत थांबवा असे त्यांचे म्हणणे नव्हते, ती तपासा असे होते. तुमच्या बाबतीत पाहायचे ते असे. शिबिरात फक्त ‘वाया जाणारी’ मुले आहेत की सगळ्या प्रकारची? रात्री दिवे मालवल्यावर, जेवणानंतरच्या मोकळ्या वेळात त्यांच्यात मोठे माणूस असते का? तीच मुले दरवर्षी येतात का? अर्ज जागांपेक्षा जास्त येत असतील तर चिठ्ठ्या टाकून निवड करा आणि निवड न झालेल्या मुलांचीही हजेरी, निकाल, तक्रारी तीन-चार वर्षे लिहून ठेवा. याला पैसा लागत नाही, एक वही लागते.

आणखी एक. त्याच फायलींमधल्या घरभेटींच्या नोंदींवरून मॅकॉर्ड यांनी १९७९ मध्ये दाखवले, की मोठेपणीच्या गुन्ह्यांचा संबंध आईच्या मायेशी, मुलावरच्या देखरेखीशी आणि आईवडिलांमधल्या कलहाशी आहे. वडील नसलेल्या पण आईची माया असलेल्या घरांतली मुले सतत भांडणाऱ्या दोन पालकांच्या घरांतल्या मुलांपेक्षा बरी निघाली. त्या नोंदी वर्गवारी करणाऱ्यांनी वाचल्या तेव्हा कोण पुढे गुन्हेगार झाला हे त्यांना माहीत नव्हते, म्हणून या निष्कर्षाला वजन आहे. शिबिराचे दोन दिवस कमी करून तो वेळ मुलांच्या घरी जाण्यात घालवता आला, तर तसे करून पाहा, आणि त्याचीही नोंद त्याच वहीत करा.